सेवाग्रामच्या झांज्या

मे महिना सरत आला की वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे असतो. आभाळात ढगाचा मागमूस नसतो आणि मृगाचा पाऊस अजून दोन आठवडे दूर असतो. सेवाग्राम आश्रमात मात्र पावसाची तयारी सुरू झालेली असते. शिंदीच्या झाडांचे लांबलचक पानोळे आणून टाकलेले असतात. बांबूच्या कमच्या, दोऱ्या आणि कोयते घेऊन माणसे कामाला बसलेली दिसतात. या पानोळ्यांच्या झांज्या बांधल्या जातात आणि बापूकुटी, आदी निवास, बा कुटी या मातीच्या घरांच्या भिंतींना पावसाच्या माऱ्याच्या बाजूंनी लावल्या जातात. पावसाळा संपला की त्या निघतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्या बांधाव्या लागतात.

आश्रम पाहायला येणारे बहुतेक लोक हिवाळ्यात येतात. त्यांना दिसतात त्या सारवलेल्या भिंती, कवेलूंचे छप्पर, बापूंची बैठक, चरखा आणि काठी. पावसाळ्यात आलेल्या माणसाला त्याच घरांचे दुसरे रूप पाहायला मिळते. भिंती झांज्यांच्या आड गेलेल्या असतात आणि घर पानांतूनच उगवल्यासारखे वाटते. गांधीजींच्या वास्तूंवर एवढे लिहिले गेले, पण ही घरे नव्वद वर्षे टिकवण्यात ज्याचा वाटा आहे, त्या शिंदीच्या झाडाला त्या लिखाणात फारशी जागा मिळालेली नाही.

शिंदीचा एक पानोळा हातात घेऊन पाहावा. तो दोन-तीन मीटर लांब असतो, कधी त्याहूनही मोठा. मधला दांडा चिवट आणि दोन्ही बाजूंना राखट हिरव्या पात्या. बुंध्याकडच्या पात्यांचे लांब, कडक काटे झालेले असतात. काटा हातात रुतला तर आठवडाभर ठणकतो, म्हणून पानोळा तोडणारा माणूस आधी देठाकडचे काटे साफ करतो आणि मगच मोळी बांधतो. पात्यांवर मेणासारखा थर असल्यामुळे पाणी त्यांच्यावर ठरत नाही. पण खरी गंमत पातीच्या घडीत आहे. नारळाची पाती मधल्या शिरेवर उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. शिंदीची नेमकी उलट, मध्ये खोल आणि कडांना उचललेली. पंखासारखी पाने असलेल्या ताडवर्गीय झाडांत अशी घडी अगदी थोड्यांना लाभली आहे. प्रत्येक पाती म्हणजे एक बारीक पन्हळच. पानोळा शेंडा खाली करून बांधला की शेकडो पन्हळी पाणी टोकाकडे नेतात आणि ते भिंतीला न शिवता जमिनीवर पडते. एकावर एक दाट बांधलेल्या झांजीतून वारा आत येतो, पाणी येत नाही. मातीच्या भिंतीला नेमके हेच हवे असते. ओलावा धरून ठेवणारे आवरण तिला आतून कुजवते. प्लॅस्टिकचा कागद पाणी अडवतो, पण भिंतीचा श्वासही अडवतो.

विदर्भातली झडी ज्याने पाहिली आहे त्याला या कामाची निकड वेगळी सांगावी लागत नाही. श्रावणात एकदा झडी लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस वरून पडतो त्यापेक्षा वाऱ्याबरोबर आडवा येतो. छप्पर कितीही चांगले असो, असा पाऊस भिंतीवरच येतो. भिंती बांबूच्या कुडावर माती लिंपून केलेल्या. दोन झडी अंगावर घेतल्या की लिंपण सुटायला लागते.

ही घरे अशी का बांधली, याचे उत्तर १९३६ सालात आहे. साबरमती सोडून आलेले गांधीजी उद्योगपती जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे वर्ध्यात स्थिरावले होते. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्यातली मगनवाडी त्याचे केंद्र बनली. पण शहरात बसून खेड्याचे काम होत नाही, हे गांधीजींना डाचत होते. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन आधीच वर्ध्यालगतच्या सिंदी गावात सफाईचे काम करत होत्या. तिथून त्या सेगावला गेल्या. सेगाव वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर, मालगुजारी बजाजांची. वस्ती गरिबांची, रस्ता धड नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथे पहिल्यांदा गेले आणि १६ जूनला मुक्कामाला आले. झोपडीबाबत त्यांनी बजाजांना आधीच बजावले होते की खर्च कमीत कमी व्हावा आणि लागेल ती मदत सेगावातूनच घ्यावी. पुढे १९४० मध्ये या सेगावचे सेवाग्राम झाले, कारण वऱ्हाडातल्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जात असे.

गावातलेच साहित्य वापरायचे म्हटल्यावर काय मिळणार? काळी-पांढरी माती, बांबू, सागाच्या बल्ल्या, कुंभाराचे कवेलू आणि नाल्याकाठची शिंदी. केरळमध्ये पुढे स्वस्त आणि सुंदर घरांसाठी नावाजलेले वास्तुकार लॉरी बेकर सांगत असत की गांधीजींच्या मते आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे. बेकरांनी हे सूत्र आयुष्यभर पाळले. सेवाग्रामात ते आधीच मातीत उतरलेले होते.

आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. त्यांनी ती स्वतः राबून उभी केली. नंतर गांधीजी तिथे राहायला गेले. आत भिंतीवर मीराबेननी मातीचे उठाव काढले आहेत. त्यात चरखा आहे, ॐ आहे आणि शिंदी-ताडाची झाडे आहेत. इंग्लंडच्या नौदलातल्या ॲडमिरलची ही मुलगी. वऱ्हाडच्या सीमेवरच्या एका खेड्यात भिंतीवर काय काढावे असे तिला वाटले, तर खिडकीतून दिसणारे झाड. ज्या झाडाचे पान भिंतीला बाहेरून राखते, त्याचेच चित्र तिने आतून काढले. सेवाग्रामला जाणाऱ्याने चरख्याचे फोटो काढण्याआधी या उठावांसमोर दोन मिनिटे उभे राहावे, असे मनापासून वाटते.

१९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला एका परिषदेसाठी आले आणि या कुटीत बसून राहिले. परिषदेच्या भाषणात त्यांनी कुटीवरच बोलणे पसंत केले. चपला काढण्याची जागा, मधली खोली, गांधीजींची बैठक, पाहुण्यांची जागा, आजाऱ्याची खोली, ओसरी, ऐसपैस न्हाणीघर अशा सात जागा त्यांनी मोजल्या आणि घर कशाला म्हणावे याचा विचार मांडला. ते भाषण जगभर वाचले गेले. इलिच जानेवारीत आले होते. श्रावणात आले असते तर आठवी गोष्ट मोजावी लागली असती. हे घर दर वर्षी माणसांच्या हातांची वाट पाहते.

शिंदीच्या झाडाचे गांधीजींशी असलेले नाते मात्र सरळ नव्हते. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचलल्यानंतर ते जवळच्या कराडी गावात राहिले. तिथली त्यांची झोपडी खजुरीच्या, म्हणजे शिंदीच्याच, पानांची होती. ५ मे रोजी मध्यरात्रीनंतर पोलिसांनी त्यांना अटक केली ती त्याच झोपडीतून. आणि त्याच दिवसांत सुरत जिल्ह्यात त्यांच्या सांगण्यावरून लोक शिंदीची झाडे तोडत होते. कारण उघड होते. शिंदीचा आंबलेला रस म्हणजे ताडी, ताडी म्हणजे घरांची धूळधाण आणि इंग्रज सरकारच्या अबकारीची कमाई. दारूबंदीच्या आवेशात कुऱ्हाड झाडावर चालली. ज्या पानांनी डोक्यावर सावली धरली, त्याच झाडावर घाव घालणे चालू होते.

सहा-सात वर्षांनी सेगावात चित्र बदललेले दिसते. ग्रामोद्योग संघातले गजानन नाईक शिंदी आणि ताडाच्या रसापासून गूळ करण्याच्या कामाला लागले. रस हिवाळ्यात काढायचा. सूर्योदयापूर्वी उतरवायचा. मडक्याला आतून चुना लावायचा म्हणजे तो आंबत नाही. उतरवल्यावर लगेच चुलीवर चढवायचा. आंबला तर ताडी, आटवला तर गूळ, आणि सगळा खेळ काही तासांचा. गांधीजींनी या गुळाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकातही नीरा आणि ताडगुळाची बाजू त्यांनी मांडली. दारूबंदीने ताडी काढणाऱ्यांची पोटे उपाशी राहू नयेत, हीसुद्धा त्यामागची चिंता होती. संघाचेच अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे गणित आणखी पुढचे होते. उसाला सुपीक जमीन आणि पाणी लागते, शिंदी पडीक जागेत नाल्याकाठी आपली आपण वाढते. मग गोडासाठी अन्नाची जमीन का अडवायची? आज उसाच्या पाण्यावरून महाराष्ट्रात जे वाद झडतात ते पाहता, मगनवाडीतला हा विचार ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे यावर विश्वास बसत नाही. नाईक पुढे भारत सरकारचे ताडगूळ सल्लागार झाले. डहाणूला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे प्रशिक्षण केंद्र त्यांच्या नावाने आहे.

वर्ध्यात मात्र हा गूळ रुजला नाही. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. शिंदीच्या झाडाकडे पाहण्याची नजर मात्र संशयाचीच राहिली. रस बदनाम, गूळ मागे पडलेला, लाकूड इमारतीच्या फारसे कामाचे नाही. उरले पान.

आणि पानाला काम भरपूर होते. शेतातल्या खोपडीवर, गोठ्याच्या पडवीवर, जागलीच्या मचाणावर शिंदीचे पानोळे टाकून शाकारण्याची रीत जुनी आहे. रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्याला एका हंगामापुरते छप्पर हवे असते. त्यासाठी टिना विकत आणणे परवडत नाही. पऱ्हाटी आणि तुराट्यांचा कुड, वर बांबूच्या कमच्या आणि त्यावर पानोळे, एवढ्यात काम भागते. पोरांना मात्र या झाडाची ओळख वेगळी. पावसाच्या तोंडावर पिकणारे केशरी शिंदोळे. गर पातळ, बी मोठी, तरीही झाडाखाली झुंबड.

कोवळ्या पात्यांच्या चटया विणल्या जातात. पूर्व विदर्भालगतच्या छत्तीसगडात लग्नाचा मौर याच पानांतून घडतो. आणि दिवाळीत तर शिंदी प्रत्येक घरात येते. लक्ष्मीपूजनाला जिची हळदकुंकू लावून पूजा होते ती नवी केरसुणी शिंदीच्या पात्यांची असते. विदर्भात तिला फडा म्हणतात. तो बांधण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाकडे आहे. दसऱ्याच्या आधीपासून घराघरांत पात्या सोलणे, वाळवणे, पिळून मूठ बांधणे सुरू होते. मुठीची वीण किती घट्ट बसली त्यावर फडा एक वर्ष टिकणार की दोन महिन्यांत झडणार हे ठरते. वर्षभर ज्या हातांना समाजाने दूर ठेवले, त्या हातांची वस्तू अमावास्येच्या संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी ठेवली जाते. पूजा करणाऱ्या घराने त्या हातांना योग्य दाम आणि बरोबरीचा मान दिला पाहिजे. घासाघीस करून दहा रुपये कमी करणे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तरी शोभत नाही.

पानांनी घर शाकारण्याची रीत वर्ध्यापुरती नाही. कोकणात नारळाच्या झावळ्या उभ्या चिरून, भिजवून त्यांची झापे विणतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या झापांखाली चार महिने विसावत असत. आता तिथे निळा प्लॅस्टिक कागद दिसतो. सुंदरबनात खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या गोलपाताची छपरे असतात. आखाती देशांत तेल सापडण्यापूर्वी किनाऱ्यावरची कितीतरी कुटुंबे खजुराच्या पानोळ्यांच्या घरांत राहत. या घरांना अरीश म्हणतात आणि आता ती संग्रहालयांत जपली जातात. खजूर हे शिंदीचेच भावंड. त्या झाडाभोवतीचे ज्ञान आणि कौशल्ये २०१९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. १४ देशांनी मिळून तसा अर्ज केला होता. शिंदीसाठी असा अर्ज करायला कोणी पुढे आलेले नाही.

पानांच्या छपराची काळी बाजूही सांगायला हवी. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, झावळ्यांचे छप्पर पेटले आणि ९४ मुले गेली. त्यानंतर तिथे शाळांवर अशी छपरे ठेवायला बंदी आली आणि ती योग्यच होती. वाळलेले पान ठिणगीला वेळ देत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर नाहीच. दर वर्षी छप्पर बदलायचे म्हणजे दर वर्षी मजुरी आणि गळक्या रात्री. ज्याच्या घरात हे भोगले आहे त्याला पक्के घर हवे असते आणि ते मिळालेच पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १५ टक्के घरांवर गवत, पाने, बांबू किंवा मातीचे छप्पर होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. घरकुल योजनांनंतर ते आणखी खाली आले असणार. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

प्रश्न आहे तो पक्क्या घराच्या नावाखाली काय येते याचा. कवेलू वानरे फोडतात म्हणून टिना आल्या. मे महिन्यातल्या दुपारी टिनाखाली बसवत नाही. स्लॅबचे घर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. वर्ध्याच्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने या कोंडीवर उत्तर शोधले. देवेंद्रकुमार गुप्तांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमान रचून, लाकूड आणि लोखंडाशिवाय छप्पर उभारण्याची पद्धत विकसित केली. आग लागत नाही, वानराला सहज फुटत नाही, आत गारवा राहतो. अशा घराच्या व्हरांड्याला उन्हाळ्यात आणि झडीत शिंदीची झांजी लावली तर जुने आणि नवे दोन्ही आपापल्या जागी बसतात. छप्पर पक्के आणि बाजूचा आडोसा पानांचा, ही जोडी आजही व्यवहाराची आहे. सेवाग्रामची घरे तिच्याच आधाराने उभी आहेत.

त्यासाठी झाडे हवीत, आणि ती झपाट्याने जात आहेत. धाम, वेणा, यशोदा, बोर या नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठाने शिंदीच्या रांगा असत. नाला खोलीकरणाला जेसीबी लागला की काठ आधी साफ होतो. शेताचा धुरा पेटवला की त्यावरची लहान रोपे जळून जातात. मोठे झाड एकदा पेटून निघाले तर पुन्हा फुटू शकते, पण दर उन्हाळ्याला आग लागली तर टिकत नाही. रस्ते रुंद झाले, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, वर्धा शहर आजूबाजूच्या खेड्यांत शिरले. सिंदी रेल्वे आणि सिंदी मेघे ही गावे नकाशावर आहेत, पण तिथे शिंदीची गर्द रांग शोधत फिरावे लागते. शिंदी गेली की सुगरणही जाते. तिची घरटी विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या पानोळ्यांना लटकतात आणि ती विणायला त्याच पात्या ओरबाडल्या जातात.

तोडणीचीही एक शिस्त आहे. शिंदीला वाढीचा डोळा एकच असतो, अगदी शेंड्याच्या मध्यभागी. आंब्या-लिंबासारखी फांदी छाटली तर दुसरी फुटेल, असे इथे नसते. शेंडा गेला की झाड गेले. खोडाला झालेली जखमही भरून येत नाही, म्हणून रस काढलेल्या जुन्या झाडांच्या खोडावर आळीपाळीने दोन्ही बाजूंना पडलेल्या खाचा आयुष्यभर दिसतात. चांगल्या वाढलेल्या झाडाच्या शेंड्यावर शंभराच्या घरात पानोळे असतात. जाणता माणूस खालचे, पिकलेले पानोळे घेतो आणि मधल्या कोवळ्यांना हात लावत नाही. फड्यासाठी मात्र कोवळ्या पात्या लागतात, आणि तिथेच लोभ आवरावा लागतो. एकाच झाडावर दर वर्षी हात मारला तर ते खंगते. झाडे कमी झाली की उरलेल्यांवर ताण वाढतो आणि तीही जातात. वर्ध्याच्या नाल्यांवर नेमके हेच चालले आहे.

ग्रामपंचायती, शाळा आणि वन विभाग दर पावसाळ्यात रोपे लावतात. त्यात करंज, कडुनिंब, गुलमोहर असतात. शिंदी नसते, कारण ती कोणाला झाडच वाटत नाही. खरे तर ती लावायला सोपी आहे. कलम लागत नाही, तिचे कलम होतही नाही. नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. फळबागेला ही अडचण असते. झांजीला, फड्याला आणि चटईला नसते. पानोळा नराचा असो की मादीचा, पाणी सारखेच वाहून नेतो. शिंदोळे पिकून गळायला लागले की पोरांनी चोखून टाकलेल्या बिया गोळा कराव्यात आणि नाल्याच्या काठाला, बंधाऱ्याच्या भरावावर, धुऱ्याच्या ओलसर टोकाला पेराव्यात. पहिली दोन-तीन वर्षे तिथे धुरा पेटवू नये आणि गुरांपासून कोवळा शेंडा जपावा. सेवाग्रामच्या परिसरात, आश्रमाच्याच जमिनीच्या कडेने, अशी एक रांग वाढवली तर काही वर्षांनी झांज्यांसाठी पानोळे बाहेरून आणावे लागणार नाहीत.